मांड
(द्वितीय वर्ष कला)

शनिवारवाड्यासमोरून जाताना थोरल्या बाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्याकडे कोणाची नजर जात नाही? बाहेरगावचे प्रवासी त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात, पुणेकर आपल्या घाईत त्याला वळसा घालून पुढे जातात. मी मात्र लहानपणापासून त्या पुतळ्यातल्या स्वारापेक्षा घोड्याकडेच अधिक पाहत आलो आहे. याचे कारण सांगायला मला आजवर संकोच वाटत होता. या लेखाच्या निमित्ताने तो सोडावा म्हणतो.

माझे आजोबा पुणे स्टेशनवर टांगा हाकीत. टांगे गेले. पण वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, घोड्याशिवाय करमेना. त्यांनी एक पांढरी घोडी ठेवली. लग्नसराईत नवरदेवाची वरात काढायची आणि उरलेले महिने चंदी-चाऱ्याची विवंचना करायची, असा आमचा संसार. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. पहिल्या वर्षी वर्गात कोणी वडिलांचा व्यवसाय विचारला की मी 'धंदा करतात' एवढेच सांगून विषय बदलत असे. सकाळी घोडीला खरारा करून आलो की कपड्यांना तिचा वास येतो की काय, या भीतीने शेवटच्या बाकावर बसत असे.

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी थोरल्या बाजीरावांचा विषय सुरू केला आणि एक गोष्ट ऐकून मी बसल्या जागी ताठ झालो. बाजीराव पेशवे झाले तेव्हा त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते! आज माझे वय तेच आहे. या वयात मला फॉर्मवर सही करतानासुद्धा हात थरथरल्यासारखा वाटतो. या मुलाने एका राज्याचा भार कशाच्या बळावर उचलला असेल? या प्रश्नाने मला ग्रंथालयात नेले. जे हाती लागले ते माझ्या समजुतीप्रमाणे मांडत आहे.

बाजीरावांचा जन्म 18 ऑगस्ट 1700 रोजी झाला. घराणे श्रीवर्धनच्या भटांचे. वडील बाळाजी विश्वनाथ 1713 मध्ये शाहू छत्रपतींचे पेशवे झाले. आई राधाबाई. धाकटे भाऊ चिमाजीअप्पा. त्या काळच्या ब्राह्मण मुलाला संस्कृत, हिशेब आणि कारभार यांचे शिक्षण मिळे, तसे ते त्यांनाही मिळाले. पण त्यांची खरी शाळा घोड्याच्या पाठीवर भरली. वडिलांबरोबर ते लहानपणापासून स्वाऱ्यांवर जात. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, त्या स्वारीतही बाजीराव होते. एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने दिल्लीपर्यंतची वाट खोगिरावर बसून पाहिली, नद्यांचे उतार पाहिले, घाट पाहिले आणि ज्या बादशाहीच्या नावाने सारा हिंदुस्थान दबून असे तिचे पोकळ वासेही पाहिले. पुस्तकात वाचलेला नकाशा आपण विसरतो. मांडीखालून गेलेली वाट कोणी विसरत नाही.

एप्रिल 1720 मध्ये बाळाजी विश्वनाथ सासवड येथे वारले. पेशवेपद कोणाला द्यावे याविषयी दरबारात एकमत नव्हते. अनुभवी माणसे पुष्कळ होती आणि या पोराच्या हाती कारभार द्यायला अनेकांचा विरोध होता. तरीही शाहू महाराजांनी 17 एप्रिल 1720 रोजी कराडजवळच्या मसूर येथे पेशवाईची वस्त्रे बाजीरावांनाच दिली. वडील जाऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. दुःख करायलाही सवड नव्हती.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण माझ्या प्रश्नाचे उत्तर मला येथेच सापडले. घोड्यावर बसणे म्हणजे केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे नव्हे. घोडा हा मूळचा भित्रा प्राणी. वाघ-लांडग्यांपासून पळून जगलेली त्याची जात. त्यामुळे पाठीवरच्या माणसाच्या अंगातला ताण त्याला लगेच कळतो. स्वाराने मांड्या आवळल्या, श्वास रोखला, लगाम घट्ट धरला की घोडा कान टवकारतो आणि बिथरतो. स्वार सैल, स्थिर बसला की तोही शांत होतो. म्हणजे घोडा आवरायचा तर आधी स्वतःला आवरावे लागते. ग्रीक लेखक झेनोफोन याने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. घोड्याशी रागाच्या भरात वागू नये, हा त्यातला महत्त्वाचा उपदेश आहे. आमच्या अण्णांनी झेनोफोनचे नावही ऐकलेले नाही, पण मला पहिल्यांदा घोडीवर बसवले तेव्हा त्यांनीही हेच सांगितले होते.

मी लहानपणी बोलताना अडखळत असे. शाळेत मुले हसत. मी घरी येऊन गप्प बसलो की अण्णा काही न विचारता मला घोडीवर बसवीत आणि नदीकाठाने एक चक्कर मारून आणीत. घोडी आपल्या संथ चालीने चाले आणि तिच्या चालीबरोबर माझी कंबर हले. थोड्या वेळाने माझाही श्वास संथ होई. त्या वेळी हे औषध आहे हे मला माहीत नव्हते. मोठ्या घोड्याचे हृदय विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस ठोके एवढ्याच गतीने चालते. त्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले की त्या संथपणाचा काही अंश आपल्यातही उतरतो, असा माझा अनुभव आहे. घोड्याच्या चालीने स्वाराच्या कंबरेला जी हालचाल मिळते ती माणसाच्या स्वतःच्या चालण्यासारखी असते. म्हणून मेंदूच्या विकारामुळे ज्या मुलांचे हातपाय नीट चालत नाहीत, त्यांना आज अनेक देशांत उपचार म्हणून घोड्यावर बसवतात. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंचे पाय पोलिओमुळे अधू झाले होते. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना दुसऱ्याची मदत लागे. त्यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या बरोबरीने उतरून अश्वारोहणात रौप्यपदक मिळवले. जमिनीवर लुळा पडणारा जीव घोड्यावर पुरा होतो, हा चमत्कार नव्हे. दोन जीवांच्या परस्परविश्वासाचा तो परिणाम आहे.

आता पुन्हा बाजीरावांकडे वळतो. 1727 मध्ये निजामाने शाहू महाराजांच्या विरुद्ध कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष घेतला आणि त्याचे सैन्य थेट पुण्यात येऊन बसले. आपले घर, आपले गाव शत्रूच्या हाती आहे असे कळल्यावर कोणीही डोक्यात राख घालून पुण्याकडे धावला असता. बाजीराव धावले नाहीत. निजामापाशी जड तोफा होत्या. त्या तोफांच्या तोंडी जाणे म्हणजे आत्मघात, हे ओळखून ते आपली घोडदळाची फौज घेऊन जालन्याकडे, खानदेशात, तेथून गुजरातेत असे सतत हलत राहिले. मग ते औरंगाबादच्या रोखाने वळले, तेव्हा निजामाला पुणे सोडून मागे धावावे लागले. वेगाने हलण्यासाठी त्याला तोफखाना मागे ठेवावा लागला. 25 फेब्रुवारी 1728 च्या सुमारास वैजापूरजवळ पालखेडच्या रानात त्याचे सैन्य कोंडले गेले. अन्नपाणी तुटले. मोठी लढाई न होताच निजाम शरण आला आणि 6 मार्च 1728 रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांनी आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची मोठी वाखाणणी केली आहे. लढाईचे डावपेच मला कळत नाहीत. पण राग गिळून योग्य क्षणाची वाट पाहणे हा गुण मला त्यात दिसतो आणि तो सिंहासनापेक्षा खोगिरावर लवकर शिकता येतो असे वाटते.

पुढच्याच वर्षी, मार्च 1729 मध्ये, बुंदेलखंडचा वृद्ध राजा छत्रसाल महंमदखान बंगशाच्या कोंडीत सापडला होता. त्याच्या हाकेला बाजीराव धावून गेले आणि जैतपूरला बंगशालाच कोंडीत धरले. कृतज्ञ छत्रसालाने त्यांना पुत्र मानून राज्याचा हिस्सा दिला. याच संबंधातून मस्तानी त्यांच्या जीवनात आली. 10 जानेवारी 1730 रोजी पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत झाली. त्यासाठी 16,110 रुपये खर्च झाल्याची नोंद आहे. वाडा बांधला खरा, पण त्यात राहायला मालकाला वेळ कोठे होता? आयुष्याचा मोठा भाग राहुटीत आणि घोड्यावर गेला. बाजीराव चाळीसच्या वर लढाया लढले आणि एकही हरले नाहीत असे सांगतात.

1737 च्या मार्चअखेरीस त्यांनी दिल्ली गाठली. सादतखानाने मल्हारराव होळकरांच्या एका तुकडीला मागे रेटून मराठ्यांना पार हाकलून दिल्याची बढाई बादशहाला कळवली होती. बाजीराव मोगल फौजांना वळसा घालून अशा वेगाने गेले की ते थेट दिल्लीच्या वेशीवर उभे राहिल्यावरच बादशहाला खरे काय ते कळले. शहर लुटून जाळणे त्यांच्या हाती होते. त्यांनी चिमाजीअप्पांना पाठवलेल्या पत्रावरून दिसते की तसा विचार मनात येऊनही त्यांनी तो टाळला. बादशाहीची राजधानी उद्ध्वस्त करण्यात आपले हित नाही हे त्यांनी ओळखले. भरधाव घोडा ऐन वेळी आवरता येणे हीच स्वाराची खरी परीक्षा, असे अण्णा म्हणतात. डिसेंबर 1737 मध्ये भोपाळजवळ निजामाची पुन्हा कोंडी झाली आणि जानेवारी 1738 मध्ये दोराहासराईचा तह झाला.

बाजीरावांच्या चित्राची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. ग्रँट डफनेही ती आपल्या इतिहासात दिली आहे. बादशहा महंमदशहाने एक चित्रकार पाठवून, बाजीराव जसे दिसतील तसे त्यांचे चित्र काढून आणायला सांगितले. चित्रकाराने जे पाहिले ते असे: साध्या शिलेदारासारखा घोड्यावर बसलेला पेशवा, तोबऱ्यात अगाडी-पिछाडीच्या दोऱ्या, खांद्यावर भाला, आणि दोन्ही हातांनी जोंधळ्याची कणसे चोळून दाणे खात चाललेली स्वारी. या गोष्टीतून सर्वजण बाजीरावांचा साधेपणा शिकवतात. मी मात्र घोडेवाल्याचा मुलगा. मला वेगळेच दिसले. दोन्ही हात कणसे चोळण्यात गुंतले असतील तर लगाम कोणाच्या हाती होता? कोणाच्याच नाही! तो घोड्याच्या मानेवर सैल पडला असणार. म्हणजे हा माणूस केवळ मांडीच्या आणि विश्वासाच्या बळावर बसला होता. ज्याला लगाम सोडता येतो त्याचीच मांड पक्की. एकोणिसाव्या वर्षी राज्याचा भार कसा पेलला, या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या सैल लगामात मिळाले.

परंतु केवळ गौरव करून लेख संपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ती कणसे कोणाच्या तरी शेतातली होती. हजारो घोडी ज्या वाटेने जात, त्या वाटेवरच्या पिकांचे काय होत असेल, हे शेतकऱ्यालाच ठाऊक. 1731 मध्ये डभईला बाजीराव लढले ते परक्यांशी नव्हे. तेथे त्रिंबकराव दाभाडे हे मराठ्यांचेच सेनापती मारले गेले. फौजा पोसता पोसता बाजीराव कर्जात बुडाले. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याचे दुःख वारंवार येते. सारा हिंदुस्थान ज्याच्या टापांनी हादरला त्याला चंदीची विवंचना चुकली नाही, हे वाचून मला आमचे घर आठवले. आणखी एक गोष्ट मनाला लागली. त्या घोड्यांना रोज खरारा करणारे, नाल पाहणारे, रात्री उठून पाणी दाखवणारे मोतद्दार होते, त्यांची नावे कोठे आहेत? पेशव्याची मांड पक्की होती, कारण कोणा अनामिकाने पहाटे उठून त्याच्या खोगिराचा तंग नीट आवळला होता.

बाजीरावांचे अखेरचे दिवस दुःखाचे गेले. मस्तानीला घरच्यांनी कधी आपले मानले नाही. पुण्याचा कर्मठ समाजही विरोधात गेला. बाजीराव 1740 च्या आरंभी नासिरजंगावरील मोहिमेत गुंतले असताना मस्तानीला पुण्यात कैदेत ठेवले होते. रणांगणात ज्याला कोणी अडवू शकले नाही, तो आपल्याच वाड्याच्या उंबऱ्यावर हतबल झाला. त्या वेळी त्यांच्या मनात काय चालले असेल, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. एवढेच वाटते की मुक्कामामागून मुक्काम घोड्यावर काढणाऱ्या त्या माणसाला तीच एक जागा अशी उरली असेल, जेथे त्याला कोणी जात, कुळ किंवा कर्ज विचारीत नव्हते. घोड्याला यातले काहीच कळत नाही. त्याला फक्त हात ओळखीचा आहे की नाही एवढे कळते.

तह करून बाजीराव उत्तरेकडे निघाले. नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे त्यांना ताप आला आणि 28 एप्रिल 1740 रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. चाळिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्या वेळी काशीबाई जवळ होत्या. मस्तानीही त्यानंतर फार दिवस जगली नाही. तिची कबर पुणे जिल्ह्यात पाबळला आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस चिमाजीअप्पाही गेले. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहादर 1761 मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून जखमी झाला आणि त्यातच वारला. ज्या आईला वाड्याने नाकारले, तिच्या मुलाने त्याच वाड्यासाठी प्राण दिला! शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला. आज तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत.

ज्या भीमेच्या खोऱ्यातली तट्टे मराठ्यांच्या कीर्तीला कारण झाली, त्या भीमथडी घोड्यांचीही संख्या पुढे रोडावली. अलीकडे या जातीला स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. आमची घोडी भीमथडी आहे की नाही, हे अण्णांना सांगता येत नाही. तिचे वय झाले आहे आणि पावसाळ्यात तिला पोसणे जड जाते. माझी फी आणि तिची चंदी एकाच डब्यातून जाते. यंदाच्या लग्नसराईनंतर तिला द्यावे लागेल, असे अण्णा एकदा आईपाशी बोलले. मी ऐकले हे त्यांना माहीत नाही. मी संध्याकाळी दोन मुलांच्या शिकवण्या धरल्या आहेत. तेवढ्याने भागेल का, ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात एका वरातीला अण्णांना ताप होता, म्हणून लगाम धरून मी चाललो. वरात नेमकी आपल्या कॉलेजच्या रस्त्याने गेली. फाटकाशी माझ्या वर्गातली मुले उभी होती. पूर्वी अशा वेळी मी घोडीच्या मानेआड तोंड लपवीत असे. त्या दिवशी बँडच्या आवाजाने वरचा नवरदेव घाबरून खोगिराला घट्ट बिलगला होता, त्यामुळे घोडीही कान टवकारू लागली होती. मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि नवरदेवाला हळूच सांगितले की मांड्या सैल सोडा, श्वास सोडा, ती तुम्हाला पाडणार नाही. एवढे सगळे मी न अडखळता बोललो, हे माझ्या नंतर लक्षात आले. घोडी शांत झाली. मुलांनी मला ओळखून हात केला. मी लगाम डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बाकावर बसलो. कपड्यांना वास येत असेलही. बाजीरावांच्या कपड्यांनाही तो येतच असणार.